परमिट रूमची पाटी

परराज्यातला पाहुणा आपल्याकडच्या बारवर 'परमिट रूम' हे शब्द वाचून बुचकळ्यात पडतो. पाटीवरचे ते दोन शब्द म्हणजे या राज्याचा इतिहास आहे. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला. पुढे बंदी सैल झाली, पण पिणाऱ्याकडे परवाना हवा ही अट राहिली. ती आजही कागदावर आहे. कायदा विस्मरणात गेला, पाटीने तो लक्षात ठेवला.

दारूच्या अड्ड्याची पाटी जपायची म्हणजे दारूचे समर्थन करायचे का, असे आमच्यातले काही जण विचारतील. मी दारूला शिवत नाही. पण तुरुंगाचे दप्तर जपणारा गुन्ह्याचे समर्थन करत नसतो. शिवाय मुंबईतल्या कितीतरी परमिट रूम आधी इराणी हॉटेले होती. चहा, बनमस्का आणि कितीही वेळ बसायची मुभा, एवढ्यावर चाललेली. इराणी म्हणजे सगळे झरथुष्ट्राचे अनुयायी असा समज आहे. त्यात मुस्लिम इराणीही होते. धोबी तलावच्या बस्तानीत गिऱ्हाइकांसाठी 'हे करू नका, ते करू नका' अशा सूचनांचा फलक होता. हॉटेल बंद झाले. फलक आठवणीत उरला, कारण निस्सीम इझिकेल यांनी त्यावर इंग्रजीत कविता केली. इराण्याच्या भिंतीवरचा फलक एका बेने इस्रायली कवीने अजरामर केला! पण प्रत्येक पाटीच्या नशिबी कवी नसतो.

२०२२ साली राज्य सरकारने लहान दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली. मराठी अक्षरे इतर लिपीपेक्षा लहान नकोत, असा नियम आहे. मला तो मान्य आहे. मराठी माझीही भाषा आहे आणि तिच्या राज्यात ती ठळक दिसलीच पाहिजे. पण हा नियम दुसरी भाषा पुसायला सांगत नाही. घाईघाईत लोकांनी जुन्या पाट्या काढून थेट भंगारात दिल्या, तर त्यात कायद्याचा दोष नाही, आपल्या बेफिकिरीचा आहे.

एप्रिल २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या फलकाचा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. मराठीखाली उर्दूत लिहिलेले नाव ठेवण्यास हरकत नाही, भाषा म्हणजे धर्म नव्हे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. उर्दू याच मातीतली, हेही सांगितले. आपण हा निकाल एकमेकांना पाठवला, आनंद मानला. पण आपल्याच मोहल्ल्यातल्या बेकरीची, दवाखान्याची, छापखान्याची हाताने रंगवलेली उर्दू-मराठी पाटी उतरून तिथे फ्लेक्स लागतो, तेव्हा आपल्यापैकी किती जण थांबतात?

उपाय खर्चिक नाहीत. नवी पाटी दर्शनी लावा, जुनी दुकानाच्या आत टांगा. जागा नसेल तर गावच्या वाचनालयाला द्या. तेही जमत नसेल तर निदान फोटो काढा आणि मागे दुकानाचे नाव, रस्ता, साल आणि रंगवणाऱ्या पेंटरचे नाव लिहा. उद्या कुणी विचारले की या गल्लीत कोण कोण एकत्र राहत होते, तर भाषणे कामी येणार नाहीत. एका पत्र्यावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन-तीन लिपी दाखवता आल्या, तर पुरावा म्हणून तेवढे पुरे.