सोफा चालतो, फ्रिज चालतो. आडनाव चालत नाही!

"फर्निश्ड फ्लॅट भाड्याने देणे आहे. सहा ते अकरा महिने. चांगली फॅमिली हवी." गारखेडा, सिडको, ज्योतीनगर, बीड बायपास, शहरभर या जाहिराती फिरतात. घरमालकांचं रडगाणंही ठरलेलं: चांगला भाडेकरू मिळत नाही, फ्लॅट रिकामा पडून आहे.

आम्ही म्हणतो, भाडेकरू भरपूर आहेत. वाळूज-शेंद्र्यात बदलून आलेला इंजिनिअर आहे, घाटीतली निवासी डॉक्टर आहे, खंडपीठात वकिली सुरू करणारा पोरगा आहे, विद्यापीठात तासिका तत्त्वावर शिकवणारी प्राध्यापिका आहे. वर्षभरासाठी पलंग-कपाट विकत घेणं यांना परवडत नाही, म्हणून तयार घर हवंय. डिपॉझिट द्यायची तयारी आहे. पण फोनवर पहिला प्रश्न पगाराचा नसतो. "पूर्ण नाव काय?" मग "गाव कोणतं?" मग "नॉनव्हेज खाता का?" आणि संध्याकाळी निरोप येतो, "कालच दिला फ्लॅट." आठ दिवसांनी तीच जाहिरात पुन्हा!

फर्निश्ड घरात ही चौकशी जास्त खोल जाते, कारण तिथं मालकाचीच कढई, मालकाचंच ताट, मालकाचाच पलंग भाडेकरू वापरणार असतो. वेगळा कप, वेगळा माठ ठेवणारी मानसिकता आता किचन ट्रॉलीत जाऊन बसली आहे. शाकाहाराचं कारण पुढे करणाऱ्यांना आमचा साधा सवाल आहे: आजन्म शाकाहारी असलेल्या बौद्ध माणसाला तुम्ही किल्ली देता का? आणि गुपचूप मटण खाणाऱ्या आपल्या जातवाल्याला कधी घर नाकारलंत का?

१९१७ साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोद्यात नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला. हिंदू मित्राने आणि ख्रिस्ती मित्रानेही घरात घेतलं नाही. शेवटी बागेत बसून त्यांनी रात्रीच्या गाडीची वाट पाहिली. पदवी होती, पगार होता, छप्पर नव्हतं. ज्या शहरात १९५० साली त्यांनी मिलिंद महाविद्यालय उभं केलं, ज्या विद्यापीठाला त्यांचं नाव मिळावं म्हणून सोळा वर्षं लढा चालला आणि माणसं मेली, त्याच शहरात त्यांच्या लेकरांनी आडनाव लपवायचं?

लपवायचं नाही! १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार, अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही एखाद्या वस्तीत घर घेण्यापासून किंवा राहण्यापासून अडवणं हा गुन्हा आहे. अडचण पुराव्याची आहे. 'जातीमुळे देत नाही' असं कुणी तोंडाने बोलत नाही. म्हणून फ्लॅट शिल्लक आहे का, भाडं किती, हे आधी मेसेजवर लिहून घ्या. पूर्ण नाव त्यानंतर सांगा. नकार आला तर तोही जपून ठेवा. घर मिळालं तर करार नोंदवायला लावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. 'अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही' ही थाप आहे. करारासोबत सामानाची यादी जोडा: फ्रिज, गिझर, पंखे, त्यांची आजची अवस्था, फोटोसह. नाहीतर जाताना डिपॉझिट कापलं जातं.

आता कडू गोष्ट, आपल्याच लोकांसाठी. आपल्यातल्या नोकरदारांनीही दुसरा फ्लॅट घेतला, सजवला, भाड्याला लावला. त्यातले काही जण मुस्लिम नाव ऐकून फोन ठेवतात. एकट्या राहणाऱ्या मुलीला "सोसायटीत चालत नाही" म्हणतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि दारात तीच चाळणी! मग बडोद्याच्या त्या जमावात आणि आपल्यात फरक काय?

भाडेकरू जरूर पारखा. नोकरीचं पत्र बघा, ओळखपत्र घ्या, पोलीस पडताळणी करा, डिपॉझिट घ्या. एवढ्यात चांगला भाडेकरू कळतो. जात, धर्म आणि ताटातलं अन्न यातून तो कळत नाही. आपल्यापैकी ज्याच्याकडे किल्ली आहे, त्याने जाहिरातीत ठळक लिहावं: 'इथे जात-धर्म विचारला जात नाही.' घर लवकर भरेल आणि चळवळीचं एक काम होईल.

जय भीम!