वऱ्हाडी माणसाचा समुद्र

अकोल्याहून कोकणात निघालेला माणूस हल्ली मुंबईत किंवा पुण्यात गाडी ठरवतो आणि महामार्गाने खाली उतरतो. समुद्र बघतो तो रस्त्यावरून. १८६७ पर्यंत रेल्वे वऱ्हाडातून नागपूरला पोचली आणि वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरातून जगभर गेला; वऱ्हाडी माणूस मात्र धक्क्यावरच थांबला. आता दिवाळीच्या सुट्टीत कुणी छोट्या बोटीने खाडी-खाडीने, बेटा-बेटाने मालवणपर्यंत जायचा बेत आखू लागला, तर त्याला हौशी म्हणून हसू नये. या किनाऱ्याची मूळ रीत तीच आहे.

दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-ग्रंथात कल्याण आहे, चौल आहे. ही बंदरे भर समुद्रावर नव्हती. खाडीच्या आडोशाला होती. सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्या आखूड, त्यांची मुखे रुंद आणि उथळ. अशा पाण्यात मोठेपणा कामाचा नसतो.

हे इंग्रजांना १६७९ साली खांदेरीने शिकवले. शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडावरचे हे बेट बांधायला घेतल्यावर इंग्रजांनी जहाजे आणून वेढा घातला. तरी समोरच्या थळच्या किनाऱ्यावरून रात्री होड्या सुटत आणि माणसे, सामान बेटावर पोचत. १८ ऑक्टोबरला मराठी आरमाराच्या दौलतखानाच्या गलबतांनी चाल केली, ‘डोव्हर’ नावाचे इंग्रजी जहाज पकडले. ‘रिव्हेंज’ या दुसऱ्या इंग्रजी जहाजाने नेटाने तोंड दिले तेव्हा मराठी गलबते मागे फिरून उथळ खाडीत शिरली, तिथे मोठ्या जहाजाचा तळ टेकला असता. चकमकीत कोण जिंकले यावर वाद घालता येईल, पण पुढच्या जानेवारीत इंग्रज वेढा उठवून गेले आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. सिद्दीने लगोलग शेजारची उंदेरी बळकावली, हा भाग वेगळा. हीच रीत पुढे चालवणाऱ्या तुळाजी आंग्र्यांचे आरमार १७५६ मध्ये विजयदुर्गाच्या बंदरात जळाले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूने होते, याची आठवण आपण फारशी काढत नाही.

पुढे आगबोटी आल्या. त्याही बहुतेक बंदरांत बाहेर नांगर टाकत. किनाऱ्यापर्यंत माणसे आणायला पडाव, म्हणजे छोट्या होड्या, लागतच. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, ‘रामदास’ बोट रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक लोक गेले. त्या काळी बोट हे चाकरमान्यांचे रोजचे वाहन होते, म्हणून तर इतकी माणसे तिच्यात होती. मग रस्ते आले, १९९८ला कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि समुद्र प्रवाशांसाठी जवळजवळ मिटला.

बेत आखणाऱ्याने म्हणून नकाशाआधी कालनिर्णय उघडावा. कोकणातला हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. अंदाजच तो, पण बहुतेक कामाचा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती. पंचांग बघून पेरणीचा विचार करणाऱ्या घराला हे परके वाटायचे कारण नाही. खाडीच्या मुखाशी वाळूची पट्टी असते. आत शिरायचे ते चढत्या पाण्यावर. सकाळी जमिनीवरून येणाऱ्या मतलई वाऱ्यावर निघावे, दुपारी समुद्रावरचा खारा वारा चढायच्या आत आडोसा गाठावा. बाणकोट, हर्णैला सुवर्णदुर्ग, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, शेवटी मालवणचा सिंधुदुर्ग. एका दिवसात एका टप्प्याहून जास्त हाव धरू नये. जून ते ऑगस्ट नावच काढू नये. आणि खाडीतला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, ‘आज नको’ म्हणाला, की मुंबईहून आरक्षण केले आहे हा मुद्दा तिथे चालत नाही.

असा प्रवास आज सुटसुटीत होत नाही, याचा दोष खाडीकडे नाही. २०१८ साली मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ ही क्रूझ आली, २०२० पासून मांडव्याची रो-रो बोट चालू आहे. दोन्ही चांगल्याच, पण आंग्र्यांचे नाव घेऊन त्यांच्या खाड्यांना बगल देत गोव्याला जाणे ही गंमतच होती. २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी स्थळांना जागतिक वारशात घेतले. त्या बारा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे चार सागरी आहेत. चारही एका ओळीत, एकाच पाण्यावर, तरी एकाहून दुसऱ्याला जायला रस्ताच धरावा लागतो. मोठ्या टर्मिनलचा खर्च बाजूला ठेवून सरकारने प्रत्येक खाडीत ओहोटीलाही बोट लागेल असा छोटा धक्का बांधावा, गाळ काढत राहावे, प्रवासी मोजून घ्यावेत, आणि गावच्या होडीवाल्याला परवाना व विमा तालुक्याच्या ठिकाणीच मिळावा.