जुन्या कॉम्प्युटरमध्ये भर घालू नका, त्यातलं काढा!



भिगवण, इंदापूर, बारामती भागात अजून कितीतरी घरांत जुना कॉम्प्युटर वापरात आहे. मुलांचा अभ्यास, शाळेच्या याद्या, शिष्यवृत्तीचे फॉर्म सगळं त्याच्यावरच चालतं. त्यात व्हायरस आला की आपण काय करतो? एक अँटिव्हायरस टाकतो. मग आणखी एक. मग 'स्पीड वाढवणारं' एखादं फुकटचं सॉफ्टवेअर. मशीन रखडायला लागलं की शेवटी अपडेटच बंद करून टाकतो! माझं मत याच्या अगदी उलट आहे. जुना कॉम्प्युटर सुरक्षित ठेवायचा तर त्यातलं ओझं कमी करा, पण अपडेट कधीच बंद करू नका.

असं का म्हणतो? मे २०१७ मधला 'वॉनाक्राय' आठवा. दीडशेच्या आसपास देशांतल्या कॉम्प्युटरमधल्या फाइली त्याने कुलूपबंद केल्या आणि खंडणी मागितली. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांचं काम अडलं. पण तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवणारं विंडोज ७ चं अपडेट मार्च २०१७ मध्येच आलेलं होतं. ते घेणारे वाचले, 'नंतर करू' म्हणणारे अडकले.

आता अँटिव्हायरसचं बघा. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. प्रत्येक फाइल उघडताना दोघेही तपासायला धावतात आणि जुनी हार्डडिस्क दमून जाते. विंडोज १० मध्ये 'डिफेंडर' मुळातच असतो. घरच्या वापराला तो पुरतो.

मग करायचं काय?

१. न लागणारी सॉफ्टवेअर, टूलबार आणि 'क्लीनर' काढून टाका.
२. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. 'स्टार्टअप' मध्ये जाऊन आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्रॅम बंद करा. डिफेंडरला मात्र हात लावू नका.
३. मुलांसाठी वेगळं, साधं खातं करा. ॲडमिनचा पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा. म्हणजे गेमच्या नावाखाली काहीही सहज इन्स्टॉल होणार नाही.
४. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह आधी स्कॅन करा, मगच उघडा.
५. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घेऊ नका. कुलूप फोडून दिलेल्या वस्तूत आणखी काय भरलंय, ते आपल्याला दिसत नाही.
६. महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि ती डिस्क काढून ठेवा. जोडलेलीच राहिली तर खंडणीवाला व्हायरस तिलाही गाठतो.

आता अडचणीचा मुद्दा. विंडोज ७ ची सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज १० वापरणाऱ्या घरगुती ग्राहकांना नावनोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ती घेता येतात. विंडोज ११ जुन्या मशीनवर बहुधा चालत नाही, कारण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. म्हणून मशीन भंगारात घालायचं का? मुळीच नाही. 'लिनक्स मिंट' फुकट मिळतं, ४ जीबी रॅमवर नीट चालतं आणि त्याला अपडेटही मिळतात. ब्राउझर आणि टायपिंग एवढंच काम असेल तर ते जरूर वापरून पाहा. हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली तर मशीनचा वेग लगेच जाणवेल इतका वाढतो.

'आमच्या कॉम्प्युटरमध्ये चोरण्यासारखं आहे काय?' असं कुणी विचारेल. शिक्षक मित्रांनो, वर्गाच्या यादीत मुलांचे आधार क्रमांक असतात, पालकांचे मोबाइल नंबर असतात, शिष्यवृत्तीसाठी घेतलेले बँक खात्याचे तपशील असतात. पालकांनी ते विश्वासाने आपल्या हाती दिलेले असतात. हजेरीपट आपण कपाटात कुलूप लावून ठेवतो. मग ही यादी उघड्यावर का? काम झालं की ती घरच्या मशीनवरून काढून टाका.

येत्या रविवारी तासभर काढा. वरच्या सहा गोष्टी मुलांना शेजारी बसवून करा. त्यांचाही एक धडा होईल.