काळा पडदा आणि दुरुस्तीचा हक्क

दिवाळीपूर्वी माळे, कपाटे, भांडीकुंडी घासूनपुसून लखलखीत करण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. अलीकडे या यादीत लॅपटॉपचीही भर पडली आहे. यंत्र तापते, पंखा घोंघावतो, पडद्यावर बोटांचे डाग आणि धूळ साचलेली असते. घरातील एखादा हुशार मुलगा, किंवा तालुक्याच्या गावी डीटीपीचे काम करणारा एखादा तरुण, मागचे स्क्रू काढतो, ब्रशाने धूळ झाडतो, काचा पुसण्याचे द्रावण पडद्यावर फवारतो, सारे पूर्ववत बसवितो आणि बटण दाबतो. दिवा लागतो, पंखा फिरतो, परंतु पडदा काळाच राहतो. घाबराघुबरा होऊन तो कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रात धाव घेतो. तेथे दहा मिनिटांत निकाल लागतो: आत ओलावा गेला आहे, यंत्र बाहेर उघडले गेले आहे, हमी रद्द, संपूर्ण डिस्प्ले किंवा मदरबोर्ड बदलावा लागेल. खर्चाचा आकडा ऐकून पुढचा प्रश्न विचारण्याचे बळच उरत नाही. "एवढ्यात थोडे घालून नवीनच घ्या," हा सल्ला मात्र फुकट मिळतो.

प्रसंग क्षुल्लक वाटेल. समाजवादी पक्षाच्या मुखपत्राने लॅपटॉपच्या पडद्याची चिंता का वाहावी, असेही कोणी विचारील. परंतु 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरात चालू यंत्र नव्हते त्या घरातील मुलांचे शिक्षण थांबले, हे विसरता येत नाही. लॅपटॉप ही आज चैनीची वस्तू राहिलेली नाही. विद्यार्थी, हिशेबनीस, अनुवादक, टंकलेखक, छोटा छापखानेवाला या सर्वांच्या श्रमाचे ते साधन आहे. शिंप्याचे मशीन बंद पडले की त्याच्या घरची चूल अडते, तोच हा प्रकार आहे.

सेवाकेंद्राचा निकाल कितपत खरा, हे आधी पाहावयास हवे. चूक मालकाची असते, हे काही अंशी खरेच आहे. द्रावण कधीही थेट पडद्यावर फवारू नये. ते ओघळून खालच्या कडेला उतरते आणि बहुतेक पॅनेलांची नियंत्रक पट्टी व नाजूक जोडण्या नेमक्या त्याच कडेला असतात. अमोनियायुक्त द्रावणाने पडद्याचा लेपही खराब होतो. यंत्र बंद करून, मऊ कापड जेमतेम ओले करून हलक्या हाताने पुसणे, एवढीच खरी स्वच्छता. दुसरी चूक याहून महागात पडते. आतील कोणतीही केबल हलविण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावयाची असते, हे बहुतेकांना ठाऊकच नसते. चार्जर काढला म्हणजे वीज गेली, असा समज असतो.

तथापि चूक झाली म्हणजे यंत्र मेले, असे नव्हे. ओलावा गेल्याची शंका असेल तर यंत्र तत्काळ बंद करून, चार्जर व शक्य असल्यास बॅटरी काढून, एक-दोन दिवस कोरड्या हवेत उघडे ठेवावे. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याचा उपाय लोकप्रिय आहे खरा, पण त्याने तांदळाची पूड मात्र आत जाते. त्यानंतर चार्जर काढलेल्या स्थितीत बटण अर्धा मिनिट दाबून धरावे, म्हणजे साठलेला प्रभार निघून जातो. स्मृतीपट्टी, म्हणजे रॅम, काढता येण्यासारखी असेल तर ती काढून पुन्हा घट्ट बसवावी. साफसफाईत ती किंचित सरकली तरी पडदा काळा राहतो. मग एचडीएमआय केबलने दुसरा मॉनिटर किंवा दूरदर्शन संच जोडून पाहावा. तेथे चित्र उमटले तर यंत्राचा मेंदू शाबूत आहे; दोष पडदा, त्याची केबल किंवा त्याचा प्रकाश यांत कोठेतरी आहे. यानंतरची कसोटी अगदी साधी आहे. अंधाऱ्या खोलीत एलसीडी पडद्यावर टॉर्चचा झोत तिरपा टाकावा. अक्षरे पुसट दिसली तर पॅनेल चित्र काढीत आहे, केवळ मागचा प्रकाश, म्हणजे बॅकलाइट, विझलेला आहे. काहीच दिसले नाही तर केबलीचे टोक मदरबोर्डावरून निसटले असण्याचा संभव अधिक. झाकण मिटले आहे की उघडे, हे ओळखणारा चुंबकीय सेन्सरही कधीकधी फसतो. जवळ चुंबक असलेला स्क्रू-ड्रायव्हर किंवा आवरण राहिले तर यंत्र झाकण बंद समजून पडदा विझविते.

बॅकलाइट विझण्याचे एक कारण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. त्याला लागणारी तुलनेने अधिक दाबाची वीज पडद्याच्या केबलीतूनच, संदेशांच्या बारीक तारांच्या शेजारून जाते. बॅटरी जोडलेली असताना ती केबल ओढली, तिरपी बसविली किंवा तिच्या टोकाशी ओलावा राहिला की क्षणात संधान होते आणि मदरबोर्डावरील एक फ्यूज उडतो. हा फ्यूज तिळाच्या दाण्याएवढा असतो. त्याची किंमत काही रुपये. मल्टिमीटरने तो शोधून, सोल्डरिंग करून बदलणे हे कुशल कारागिराचे तासाभराचे काम आहे.

काही रुपयांच्या फ्यूजसाठी हजारो रुपयांचा सुटा भाग बदलावयास सांगितले जाते, याचे कारण काय? सेवाकेंद्रातील पोरगा अप्रामाणिक असतो म्हणून नव्हे. तोही पगारी नोकर. फ्यूज बदलण्याची त्याला मुभा नसते, आख्खा भाग बदलण्याचीच असते. आणि ज्या कारागिराला मुभेची गरज नाही, त्या पुण्याच्या तपकीर गल्लीतील किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील माणसाला तो फ्यूज नेमका कोठे आहे हे सांगणारा नकाशा कंपनी देत नाही. कोठून तरी हाती आलेल्या नकाशांवर त्याचा धंदा चालतो. आपल्या विद्येचा त्याला जणू चोरून वापर करावा लागतो.

हे नेहमीच असे नव्हते. घरोघरीच्या अनेक जुन्या रेडिओंच्या मागच्या झाकणात मंडलाची आकृती चिकटविलेली असे. 1978 साली ॲपल कंपनीच्या 'ॲपल टू' या संगणकाच्या पुस्तिकेत संपूर्ण विद्युत् आकृती छापलेली होती. 1981 च्या आयबीएम पीसीच्या तांत्रिक पुस्तिकेतही ती होती. म्हणजे हे गुपित यंत्राच्या गुंतागुंतीतून जन्मलेले नाही, ते धंद्याच्या हिशेबातून जन्मलेले आहे. या हिशेबाची परंपरा जुनी आहे. 1924 साली जिनिव्हात विजेच्या दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी फीबस नावाचे कडबोळे उभारले आणि दिवा हजार तासांहून अधिक टिकू नये, अशी शिस्त एकमेकांवर लादली. जास्त टिकणारा दिवा बनविणाऱ्याला दंड होता!

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलावयाचे तर येथे दोन बाजार आहेत. यंत्राच्या बाजारात स्पर्धा असते. परंतु यंत्र एकदा घरात आले की ग्राहक बांधला जातो, आणि सुट्या भागांच्या व माहितीच्या बाजारात त्याच्यासमोर एकच दुकान उरते. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी मोटारींच्या बाबतीत हाच दोष नोंदविला होता. सुटे भाग व तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना न दिल्याबद्दल 14 मोटार कंपन्यांना एकूण सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड ठोठावला गेला. प्रकरण पुढे अपिलांत गेले ही गोष्ट वेगळी. तत्त्व मात्र तेव्हाच स्पष्ट झाले होते.

कंपन्यांचे युक्तिवाद ठरलेले आहेत. सामान्य माणसाने यंत्र उघडणे धोक्याचे आहे, असे त्या म्हणतात. लिथियमच्या बॅटरीला टोचा लागला तर आग लागते, यात संशय नाही. पण धोका आहे म्हणूनच पुस्तिका हवी; अज्ञानाने सुरक्षितता वाढल्याचे उदाहरण नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने मे 2021 च्या अहवालात हे सारे समर्थन तपासले आणि त्याला फारसा पुरावा आढळत नाही, असा निर्वाळा दिला. त्या देशात 1975 च्या हमी कायद्यानुसार केवळ बाहेर दुरुस्ती केली या कारणास्तव हमी नाकारता येत नाही. फ्रान्समध्ये 1 जानेवारी 2021 पासून लॅपटॉपवर तो कितपत दुरुस्त होऊ शकतो याचे गुण छापावे लागले. युरोपीय संघाने 2024 साली दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश संमत केला.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी 24 डिसेंबरला दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले. परंतु त्यात सामील होणे हे कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले आहे, आणि मर्जीवर सोडलेल्या हक्काला हक्क म्हणत नाहीत. दुरुस्तीच्या अभावी फेकलेल्या यंत्रांचे पुढे काय होते, हे पाहावयाचे तर दिल्लीतील सीलमपूरला जावे. तेथे तांबे व सोने मिळविण्यासाठी तारा जाळणारे आणि आम्लात हात घालणारे लोक समाजातील सर्वांत गरीब आहेत. 2022 साली जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात आल्याची नोंद 22.3 टक्क्यांचीच आहे.

या प्रश्नात आपल्या चळवळीनेही थोडे आत्मपरीक्षण करावयास हरकत नाही. साठच्या दशकात आयुर्विम्यात आणि ऐंशीच्या दशकात बँकांत संगणक आला, तेव्हा नोकऱ्या जातील या रास्त भीतीने कामगार संघटना लढल्या. पण संगणक येणार असेल तर त्याचे ज्ञान कोणाच्या हाती राहील, हा प्रश्न आपण क्वचितच विचारला. वास्तविक 1952 च्या पंचमढी अधिवेशनात डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा विचार मांडला तो याच दिशेचा होता. थोड्या भांडवलावर चालणारे आणि चालविणाऱ्याच्या ताब्यात राहणारे यंत्र, ही ती कल्पना. मांडीवर मावणारा लॅपटॉप आकाराने लहान आहे एवढेच. ताब्याच्या दृष्टीने तो एखाद्या पोलाद कारखान्याइतका दूरचा आहे.

म्हणून पक्षाची मागणी नेमकी असली पाहिजे. कंपनीने विद्युत् आकृती, दुरुस्तीची पुस्तिका आणि सुटे भाग वाजवी किमतीत, यंत्राची विक्री थांबल्यानंतरही ठरावीक वर्षे, कोणाही कारागिराला देणे कायद्याने बंधनकारक व्हावे. दोष मालकाच्या चुकीने झाला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी हमी नाकारणाऱ्यावर असावी. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सर्किटपर्यंत जाणारी दुरुस्ती शिकविली जावी; नुसता भाग बदलावयास शिकणे म्हणजे अर्धे शिक्षण. सरकारी खात्यांनी आणि शाळांनी यंत्रे विकत घेताना याच अटी निविदेत घालाव्यात. सरकार हा मोठा गिऱ्हाईक आहे आणि कायद्याची वाट न पाहता एवढे तरी त्याला उद्या करता येईल.

कायदा येईपर्यंत शाखांनीही हात बांधून बसण्याचे कारण नाही. ॲम्स्टरडॅम येथे 2009 साली शेजाऱ्यांनी एकत्र बसून वस्तू दुरुस्त करण्याचा उपक्रम सुरू झाला. बंगळुरात तो 2015 साली आला. जिल्हा कार्यालयात महिन्यातील एक रविवार यासाठी राखून ठेवता येईल. गावातील एखाद्या कारागिराला त्याचा मेहनताना देऊन बोलवावे. फुकट राबवून घेण्याची आपल्याकडची सवय येथे नको. सुरुवातीला कपाटावर पडून असलेला जुना मॉनिटर, एक एचडीएमआय केबल, टॉर्च, मल्टिमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हरचा संच एवढे साहित्य पुरे. किती यंत्रे आली, किती चालू झाली, आणि सेवाकेंद्राने त्यांचा काय खर्च सांगितला होता, याची वही मात्र नीट ठेवावी. ग्राहक आयोगापुढे आणि विधिमंडळात ती उपयोगी पडेल.