कुलसंमेलनाचा मंडप आणि स्नानसंस्काराची वही

घराण्यांची संमेलने भरवण्याची हौस अलीकडे आपल्या समाजातही रुजू लागली आहे. चित्पावन घराण्यांनी विसाव्या शतकात कुलवृत्तांत छापले, कुलसंमेलने भरवली. आता आपली काही ख्रिस्ती कुटुंबेही त्या वाटेने निघाली आहेत. त्यात वावगे काही नाही. चौथ्या आज्ञेचा मान राखण्याचीच ती एक रीत आहे.

मात्र मागच्या उन्हाळ्यात अशाच एका संमेलनाची कार्यक्रमपत्रिका आशीर्वादासाठी माझ्याकडे आली आणि ती वाचून मला आशीर्वादाआधी हरकत सुचली. व्याख्याने पाच. पहिले, आपण मूळचे कोणत्या उच्च ज्ञातीचे. दुसरे, घराण्यातील कर्तबगार पुरुष. तिसरे, परदेशी स्थायिक झालेले यशस्वी आप्त. उरलेली दोन याच जातकुळीतली. ही व्याख्याने नव्हेत, आरत्या आहेत. त्या ऐकून श्रोता सुखावेल, जेवेल आणि पणजीचे नाव ठाऊक नसलेलाच घरी परतेल.

व्याख्यान निवडण्याची माझी कसोटी साधी आहे: ते ऐकून उठलेला माणूस दुसऱ्या दिवशी काय शोधू शकेल?

शोधण्याजोगे पुष्कळ आहे. ट्रेंटच्या महासभेने १५६३ साली विवाहांची नोंदवही ठेवण्याचा आदेश धर्मगुरूंना दिला. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, विवाह व मृत्यू यांच्या वह्यांबरोबर कुटुंबवार नोंदीचीही वही सांगितली. स्नानसंस्काराच्या नोंदीशेजारी त्या व्यक्तीचा विवाह टिपावा, हा नियम १९०८ पासून लागू झाला. लेक सासरी गेली की वंशावळीतून पुसली जाते. पण नियम पाळला गेला असेल, तर वहीच्या समासात तिचे सासर सापडते. जुन्या नोंदी बहुधा लॅटिनमध्ये. तेथे आपला जॉन 'योआन्नेस' होऊन बसलेला असतो. हे वाचायला शिकवणारा एक वक्ता पाच स्तुतिपाठकांना भारी आहे.

आपल्या गोंदियाचेच पाहा. बंगाल-नागपूर रेल्वेच्या या जंक्शनवर नोकरीनिमित्त नाना प्रांतांचे, नाना भाषांचे कॅथलिक आले. इथे १९५२ साली जन्मलेला माणूस कागदोपत्री मध्य प्रदेशातील भंडारा जिल्ह्यात जन्मला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्ह्यात. माणूस जागचा हलला नाही, दप्तर मात्र हलत राहिले. धर्मप्रांताचेही तसेच: नागपूर धर्मप्रांत १८८७ साली झाला, त्याआधी हा मुलूख विशाखापट्टणमच्या मिशनकडे होता. कोणत्या सालचा कागद कोणत्या दारी मागावा, यावर एक तास खर्च करावा असे आयोजकांना का वाटू नये?

आयोजक म्हणाले, "फादर, वह्यांवरचे भाषण ऐकायला येणार कोण?" मी त्यांना एका आजीबाईंची हकिकत सांगितली. आपल्या आईचे माहेर शोधत त्या माझ्या कार्यालयात आल्या होत्या. समासातल्या दोन ओळींवर बोट ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या. त्यांच्या आईने पराक्रम गाजवला नव्हता; तिचे नाव लिहिलेले होते, एवढेच. अशी आई प्रत्येक घरात आहे. परदेशी गेलेला मामा प्रत्येकाला नसतो.

उच्च ज्ञातीच्या व्याख्यानाबद्दल स्पष्टच बोलतो. स्नानसंस्काराच्या पाण्याबरोबर जे वाहून जायला हवे होते, ते ध्वनिक्षेपकावरून परत आणू नका. न संपणाऱ्या वंशावळ्यांच्या नादी लागू नये, असे संत पौलाने तिमथ्याला बजावले ते उगीच नव्हे. उलट संत मत्तयाने प्रभूची वंशावळ दिली, तीत तामार, राहाब, रूथ आणि उरियाची बायको यांना जागा दिली. परक्या, बदनाम, विधवा स्त्रिया त्याने झाकल्या नाहीत. आपण मात्र दुष्काळात अनाथाश्रमात वाढलेला पणजोबा लपवतो आणि ऐकीव सरदार मिरवतो.

झाकण्याचे भानही हवेच. अविवाहित मातेच्या मुलाची नोंद कशी करावी, यासाठी आजच्या धर्मनियमांत ८७७ व्या कलमात स्वतंत्र तरतूद आहे. अशी नोंद समोर आली तर हयात माणसाची अब्रू कशी जपावी, यावरही व्याख्यान ठेवा. शोध घेणाऱ्याला आधी तोंड मिटायला शिकवले पाहिजे.

तेव्हा पाचांपैकी तीन व्याख्याने कागद वाचायला शिकवणारी असू द्या, चौथे या संयमाचे. पाचवा तास वक्त्याला देऊच नका. तो घरातल्या वृद्ध स्त्रियांना द्या आणि नातवंडांच्या हाती वही-पेन्सिल द्या. कर्तबगार पुरुषांचा सत्कार जेवणाच्या पंगतीत उरकता येईल. आजी मात्र पुढच्या संमेलनाला असेलच, याची हमी कोणी देऊ शकत नाही.