गिझरच्या लेबलवर बादलीचा हिशेब हवा

मा. महासंचालक,
ऊर्जा दक्षता ब्युरो (बीईई), नवी दिल्ली.



थंडीची चाहूल लागली की गिझर घ्यायला आलेला माणूस दुकानात पहिला प्रश्न विचारतो, "वीज कमी खाणारा कोणता?" आणि दुकानदार आपल्या लेबलवरच्या ताऱ्यांकडे बोट दाखवतो. 2006 साली सुरू झालेल्या या योजनेने लोकांचा विश्वास कमावला आहे. फ्रिज घेताना तारे मोजायची सवय आज खेड्यापाड्यांतही दिसते. हा विश्वास मोलाचा आहे, म्हणूनच साठवणीच्या गिझरवरचे तारे नेमके काय सांगतात, हे ग्राहकाला स्पष्ट कळले पाहिजे. ते आज कळत नाही.

हे तारे ठरतात टाकीतून झिरपून जाणाऱ्या उष्णतेवर. टाकीतले पाणी भोवतालच्या हवेपेक्षा 45 अंशांनी गरम ठेवायचे आणि चोवीस तासांत केवळ ते तसेच राखायला किती वीज लागली, हे मोजायचे. दिवसभर गिझर चालू ठेवणाऱ्या घराला हे माप चपखल लागू पडते. पण आपल्याकडच्या बहुतेक घरांत सकाळी बटण दाबतात, अंघोळी उरकतात आणि बटण बंद करतात. समजा, दोन गिझरच्या या गळतीत दिवसाला 0.3 युनिटचा फरक आहे. अर्ध्या तासात तो 0.006 युनिटच्या आसपास येतो, म्हणजे बिलात दिसणारही नाही. तारांकित गिझरसाठी जास्तीचे पैसे मोजणाऱ्या कुटुंबाला हे कोणी सांगत नाही.

बिल ठरते ते मुख्यतः किती पाणी तापवले यावर. वीस अंशांचे दहा लिटर पाणी साठ अंशांपर्यंत न्यायला साधारण 0.47 युनिट लागते. त्यात तेवढेच गार पाणी मिसळले की चाळीस अंशांची वीस लिटरची बादली भरते आणि एका माणसाची अंघोळ होते. तेच पंचवीस लिटरच्या टाकीला 1.16 युनिट लागते. एकट्या माणसाने पंचवीस लिटरचा गिझर घेतला, तर रोज सुमारे 0.7 युनिटची उष्णता त्याची अंघोळ झाल्यावर टाकीतच उरते. उरलेले पाणी दुसऱ्या दिवशी कामी येते, असे कोणी म्हणेल. काही प्रमाणात ते खरे आहे, आणि चांगल्या वेष्टनाचा, म्हणजे जास्त ताऱ्यांचा, खरा उपयोग इथेच होतो. पण चोवीस तासांत त्यातली बरीच उष्णता निघून जाते. शिवाय पाणी काढताना खालून टाकीत गार पाणी शिरतच असते. टाकीचे माप चुकले की झालेले नुकसान तारे पुरते भरून काढू शकत नाहीत. महावितरणच्या घरगुती दरांत शंभर आणि तीनशे युनिटांच्या पायऱ्या आहेत. पायरी ओलांडली की पुढचे प्रत्येक युनिट महाग पडते, हे इथल्या कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही.

इन्स्टंट गिझर तर या तारांकनात येतच नाही आणि गैरसमज त्याच्याबद्दलच सर्वांत जास्त आहेत. "तीन किलोवॉटचा आहे, बिल फुगवेल," असे लोक म्हणतात. पण विजेच्या कॉइलने पाणी तापवणाऱ्या कोणत्याही यंत्रात विजेची जवळपास सगळी उष्णता पाण्यातच उतरते. मग ती टाकी असो, इन्स्टंट असो की बादलीत सोडलेला रॉड. तीन किलोवॉटचा गिझर कमी वेळ चालतो, दोन किलोवॉटचा जास्त वेळ; पाणी तेवढेच आणि तेवढेच गरम, तर युनिटही जवळपास तेवढेच. इन्स्टंटची अडचण निराळी आहे. पाण्याचे तापमान पंचवीस अंशांनी वाढवायचे तर मिनिटाला दोन लिटरसुद्धा मिळत नाहीत, आणि त्याला सोळा अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट लागतो. रॉड सर्वांत स्वस्त पडतो हे खरे, पण उघड्या पाण्यात विजेचा धक्का बसून जीव जातात. रॉडची शिफारस कोणीही करू नये.

म्हणून गिझरच्या लेबलवर बादलीमागे लागणारे युनिट छापा, असे म्हटले की ब्युरोकडून एक आक्षेप अपेक्षित आहे: प्रत्येक घरातला वापर वेगळा, मग एकच आकडा कसा छापणार? पण एसीच्या लेबलवर आपण वर्षाला किती युनिट लागतील हे छापताच, आणि त्यासाठी वर्षाचे 1600 तास गृहीत धरता. मुंबईतले घर तेवढा वेळ एसी चालवतेच असे नाही, तरी त्या आकड्यामुळे तुलना करता येते. मग गिझरसाठी वीस लिटरची बादली गृहीत धरायला हरकत कोणती? दुसरा आक्षेप असा की, मग लोक फार लहान गिझर घेतील आणि मोठ्या कुटुंबात सकाळी खोळंबा होईल. म्हणूनच एका भरण्यात लागोपाठ किती अंघोळी होतात, तेही त्याच लेबलवर छापावे. उत्तरेत कडाक्याच्या थंडीत दिवसभर गिझर चालू ठेवणारी घरे आहेत. त्यांच्यासाठी आजचे तारे राहू द्यावेत.

तेव्हा आमची मागणी अशी. साठवणीच्या गिझरवर ताऱ्यांच्या शेजारी बादलीमागे लागणारे युनिट आणि एका भरण्यात होणाऱ्या अंघोळी, हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत छापावेत. चोवीस तासांच्या गळतीचा आकडा "गिझर दिवसभर चालू ठेवल्यास" अशा स्पष्ट शब्दांत द्यावा, आणि तोही राज्याच्या भाषेत. इन्स्टंट गिझरवर बादलीमागचे युनिट, एक बादली भरायला लागणारी मिनिटे आणि किती अँपिअरचा पॉइंट हवा, एवढे तरी सक्तीचे करावे. हीट पंप हवेतली उष्णता ओढून एका युनिटात साधारण तीन युनिटांइतके काम करतो. त्याची किंमत आज सामान्य घराला परवडत नाही, पण बादलीमागचे युनिट हेच माप सगळीकडे लावले, तर त्याचा फायदाही लोकांना त्याच लेबलवर दिसेल. नवे लेबल पुढच्या थंडीआधी दुकानांत पोहोचेल, अशा बेताने मसुदा सूचना-हरकतींसाठी खुला करावा.

आपला,
एक वीजग्राहक