शाळेत हे शिकवायचं की नाही?

शाळेत लेकरांना 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' शिकवायचा म्हटलं की पारावर दोन तट पडतात. 'नको ती अक्कल कशाला?' असं विचारणारे पालक काही अडाणी नाहीत. पोर आपलं; त्याला काय शिकवतात हे विचारायचा हक्कही आपला. २००७ साली याच मुद्द्यावर विधिमंडळात गदारोळ झाला आणि किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम राज्यात बंद पडला.

त्याच वर्षी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाची पाहणी आली. १३ राज्यांतल्या सुमारे साडेबारा हजार मुलांपैकी ५३ टक्के मुलांनी कुठला ना कुठला लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. छळणाऱ्यांत निम्मे ओळखीचे, विश्वासातले. म्हणजे 'आम्ही घरी सांगू' एवढ्यावर भागत नाही. काही ठिकाणी कुंपणच शेत खातं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापुरात चार वर्षांच्या मुली घरी बोलल्या म्हणून प्रकार कळला. पालकांना मात्र गुन्हा नोंदवायला पोलीस ठाण्यात ताटकळावं लागलं. शाळेच्या जबाबदार लोकांवरही, पोलिसांना कळवलं नाही म्हणून, गुन्हा दाखल झाला. २०१२ च्या पोक्सो कायद्यात असा प्रकार माहीत असून न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत. 'गावातल्या गावात मिटवू' म्हणणाऱ्या सरपंच, पोलीस पाटलांनी हे ध्यानात घ्यावं.

मोठ्या पोरांचं निराळं. नाही म्हणणाऱ्या मुलीचा पाठलाग हे प्रेम नव्हे, गुन्हा आहे. अठराच्या आत मुलीची संमती कायदा धरत नाही. हे विशीतल्या पोराला कोठडीत कळण्यापेक्षा नववीच्या वर्गात कळलेलं बरं. मराठवाड्यात ऊसतोडीला जाताना मुलगी मागं कुणाच्या भरवशावर ठेवायची, या धास्तीनं कोवळ्या वयात लग्नं उरकतात. तो उपाय नव्हे, दुसरा जाच.

पालकांच्या हाती काही नाही असंही नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक, आणि निम्म्या महिला असाव्यात असं ठरवलंय. मार्च २०२२ पासून 'सखी सावित्री' समितीही नेमायची आहे. येत्या बैठकीत विचारा: तिच्यावर कोण आहे? तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे, शेवटची कधी उघडली? धडा कोण घेणार? तो आधी आम्हाला वाचून दाखवा. आणि १०९८ हा मदतीचा क्रमांक लेकरांना दिसेल असा भिंतीवर आहे का, तेही जाता जाता बघा.